खालचा खरा, वरचा खोटा

सावकाशमामांना खऱ्या नावाने हाक मारणारं डेपोत कुणी उरलं नव्हतं. बस चालवायला लागल्यापासून त्यांच्या तोंडी एकच शब्द. चढणाऱ्याला सावकाश, उतरणाऱ्याला सावकाश, बाजूने सुसाट जाणाऱ्या पोरालाही खिडकीतून सावकाश. एकदा म्हणे डेपोत आग लागली, सगळे बादल्या घेऊन पळत होते आणि हे मागून सांगत होते, सावकाश. ही गोष्ट खरी नव्हती. पण मामांना शोभत होती, म्हणून टिकली.

पहिली गाडी त्यांची. अंधारात निघायची आणि उजाडता उजाडता मोठ्या रुग्णालयाच्या फाटकाशी पोचायची. माणसं ठरलेली. रात्रपाळीच्या बाईला सोडवायला जाणाऱ्या नर्सबाई, टोपली घेऊन बाजाराला निघालेली भाजीवाली आणि तिच्या दोन जावा, कारखान्यातले कामगार. गाडी फाटकाबाहेर पडली की सगळ्यांच्या माना पडायच्या. तिकिटं देऊन झाली की कंडक्टरताईसुद्धा मागच्या बाकावर पेंगायची. सगळ्या गाडीत जागे एकटे मामा. सगळ्यांच्या वाटणीचं जागरण मीच करतो, असं ते म्हणायचे. तक्रार म्हणून नाही. हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

पण मामा दमले होते. हे दमणं आजचं नव्हतं आणि झोपेने जाणारंही नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ते दुपारभर झोपायचे आणि उठल्यावर आणखी दमलेले असायचे. पहाटे बुटाची नाडी बांधायला वाकले की तसंच वाकून राहावंसं वाटायचं. बायको दारात थर्मास घेऊन उभी असायची. तिला दिसू नये म्हणून ते उठायचे.

त्यात डोळे. थंडी सुरू झाली तेव्हापासून मामांना लांबचा दिवा एकाचे दोन दिसायला लागले होते. एक ठसठशीत आणि त्याच्या डोक्यावर दुसरा, फिकट, धुतलेल्या कपड्यावर राहिलेल्या डागासारखा. आधी वाटलं काच खराब आहे. काच पुसली. मग वाटलं झोप कमी पडते. झोपले. शेवटी त्यांनी आपल्यापुरता एक नियम केला. खालचा खरा, वरचा खोटा. समोरून दोन दिवे आले की खालचा धरायचा, वरचा सोडायचा. महिना-दोन महिन्यांत या हिशेबाची अशी सवय झाली, की आपण हिशेब करतोय हेही ते विसरले.

कुणाला सांगितलं नाही. सांगितल्यावर काय होतं ते त्यांना रोज समोर दिसत होतं. धुलाईच्या शेडमध्ये त्यांचा दोस्त होता. तो एके काळी मामांच्याच बरोबरीने गाडी चालवायचा. पुढे त्याच्या कानात दोष निघाला, चाक काढून घेतलं आणि हातात पाण्याचा पाइप दिला. दोस्त हसून सांगायचा, घटस्फोट झाला, पण तिची धुणीभांडी अजून माझ्याकडेच आहेत. सगळे हसायचे. मामाही हसायचे. मात्र दोस्ताचे गमबूट फरशीवर फरफटताना ऐकले की मामा दुसरीकडे बघायचे.

घरात बायको काही विचारत नव्हती. आधी ती सुईत दोरा ओवायला त्यांच्याकडे द्यायची, तुमची नजर घारीची म्हणून. हल्ली देत नव्हती. स्वतःच खिडकीशी बसून, दोऱ्याचं टोक पुन्हा पुन्हा ओलं करून ओवत बसायची. ती का देत नाही, हे मामांनीही विचारलं नाही. असं दोघांनी मिळून ते झाकून ठेवलं होतं.

डेपोच्या अंगणात धुलाईच्या शेडचा पत्रा होता आणि त्याच्या वर पहाटेची शुक्राची चांदणी. मामा रोज गाडीत चढण्याआधी तिच्याकडे बघायचे. देवाला नमस्कार करायला नाही, परीक्षा द्यायला. सुरुवातीला ती कधी एक दिसायची, कधी दोन. एक दिसली की दिवस बरा. पुढे एक दिसेनाशीच झाली. रोज दोन. खाली झगझगीत, वर फिकट.

मग एका पहाटे सायकलवाल्याचं झालं. समोर मोटारसायकलचा दिवा होता आणि त्याच्या वर एक फिकट ठिपका. मामांनी नियमाप्रमाणे वरचा सोडला. मोटारसायकल निघून गेली, ठिपका मात्र जागेवरच राहिला आणि एकदम मोठा झाला. मोटारसायकलच्या मागून एक म्हातारा सायकलवर येत होता, दांड्याला बॅटरी बांधून. मामांनी चाक वळवलं. सायकलवाला कडेच्या मातीत उतरला आणि उभा राहून शिव्या देताना आरशात दिसला. इतक्या शिव्या मामांनी कधी खाल्ल्या नव्हत्या, पण बरं वाटलं. शिव्या देतोय म्हणजे धडधाकट आहे. गाडीत कुणालाही जाग आली नाही.

त्या रात्री मामांनी ठरवलं, उद्या साहेबांना सांगून टाकायचं. साहेब म्हणजे ड्यूटी लावणारे. चाक जाऊ दे. पाइप तर पाइप.

दुसऱ्या पहाटे ते ऑफिसकडेच निघाले होते. वाटेत कंडक्टरताई उभी होती, तिकिटांचं मशीन गळ्यात, मान वर. ही बाई चार घरांना पुरेल एवढं बोलायची.

"मामा, वर बघा की. जोडी जमलीये."

"कसली जोडी?"

"शुक्र आणि गुरू. जवळ येतायत. पोरीच्या बाईंनी शाळेत सांगितलंय. आता रोज मला विचारते, आई, किती सरकले? जसं काही मीच ढकलतेय."

मामा थांबले. त्यांनी शेडच्या पत्र्याकडे बघितलं.

"दोन आहेत तिथे?"

"दोन नाही तर काय. तुम्हाला किती दिसतायत, साडेतीन?"

मामा हसले. खूप दिवसांनी पोटातून हसले. त्यांना तिथे उजेडाचा एक घोळकाच दिसत होता. दोन होते, कदाचित जास्त. नीट मोजायच्या भानगडीत ते पडले नाहीत. दोन आहेत, एवढं त्यांना पुरलं. म्हणजे इतके दिवस दोनच होते. डोळे ठीक होते, आकाशच तसं होतं. हे कधीपासून आहे, असं त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, बरेच दिवस झाले म्हणे. त्या 'म्हणे'कडे मामांनी काणाडोळा केला. जीव भांड्यात पडला की माणूस भांडं तपासत बसत नाही.

ऑफिसचं दार चार पावलांवर होतं. मामा वळले आणि गाडीत जाऊन बसले.

पुढचे काही दिवस त्यांचे बरे गेले. थकवा होताच, पण भीती नव्हती. त्यांनी नियम सोडून दिला. आता दोन दिसले की दोन धरायचे. दोस्ताजवळ उभं राहून चहासुद्धा घेतला. घरी बायकोला म्हणाले, आण तो दोरा. तिने सुई दिली. त्यांना भोक सापडलं नाही. दोराच जाड आहे, असं म्हणून त्यांनी सुई परत केली. तिने सुई घेतली आणि खिडकीशी जाऊन बसली.

मग भाजीवालीचं झालं. थांबा जवळ आला होता. भाजीवाली आणि तिच्या जावांना त्या दिवशी डेपोत पोचायला उशीर झाला होता, म्हणून त्या इथेच टोपल्या खाली ठेवून उभ्या होत्या. समोरून दोन दिवे येत होते. दोन मोटारसायकली आहेत असं धरून मामांनी दोन्ही गाड्यांना पुरेल एवढी जागा सोडली आणि गाडी कडेला घेतली. कड संपली. बायका किंचाळत मागे सरल्या. एक टोपली चाकाखाली गेली. समोरून एकच मोटारसायकल आली आणि निघून गेली.

गाडीतले सगळे जागे झाले. मामा म्हणाले, कुत्रा आडवा आला. भाजीवाली टोपलीचे तुकडे उचलत बराच वेळ बोलत राहिली. कुत्र्याची सात पिढ्यांची आई-बहीण काढली तिने. मग वर चढली, बसली आणि थोड्या वेळाने झोपली. ताई मात्र झोपली नाही. ती मागच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिली. तिने कुत्रा बघितला नव्हता. त्या दिवशी ती फारसं बोलली नाही. मामांना तिचं बोलणं जेवढं नको वाटायचं, त्याहून तिचं गप्प राहणं जड गेलं.

तरी मामांनी पहिल्यासारखंच चालू ठेवलं. आकाशात दोन आहेत ना, मग झालं.

ताईचं बोलणं पुढे परत आलं, कारण चंद्र यायला लागला. रोज पहाटे तो वरून थोडा थोडा खाली उतरत होता आणि बारीक होत होता. आता गुरू शुक्राच्या वर गेला होता. उद्या चंद्र त्यांच्या शेजारी येणार, असं तिने सगळ्या डेपोला सांगून ठेवलं. लग्नाचं आमंत्रण द्यावं तसं.

त्या पहाटे अंगणात खरंच माणसं जमली. मेकॅनिक हात पुसत बाहेर आला. दोस्ताने पाइप बंद केला. भाजीवाली टोपली घेऊनच खाली उतरली आणि मान वर करून म्हणाली, एवढ्यासाठी उठवलं होय. पण पुन्हा चढली नाही. नर्सबाई शाल गुंडाळून उभ्या राहिल्या. पहाटे उठणारी माणसं आकाशाकडे कमीच बघतात. ती घड्याळाकडे बघतात.

मामा सगळ्यांच्या मागे उभे होते. त्यांनीही मान वर केली.

त्यांना दोन चंद्र दिसले. एक बारीक, लख्ख कोर आणि तिच्या डोक्यावर दुसरी, फिकट, तशीच वाकलेली.

त्यांनी डोळे चोळले. एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा. दोन्ही वेळा दोनच. शेजारी शुक्र, त्याच्यावर फिकट शुक्र. वर गुरू, त्याच्यावर फिकट गुरू. सगळं आकाश त्यांच्या नियमाने बसलं होतं. खालचा खरा, वरचा खोटा. चांदण्या दोन असतील, चार असतील, कुणी बघितलंय. पण चंद्र दोन नसतात. एवढं त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

ताई मागे सरून त्यांच्या शेजारी आली. मामांनी हळूच विचारलं, "चंद्र कसा दिसतोय तुला?"

"कसा म्हणजे? कापून टाकलेल्या नखासारखा."

"किती?"

ती हसायला गेली. मग तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि तिचं हसू तिथेच थांबलं.

"मामा. तो कुत्रा नव्हताच ना?"

"नव्हता."

ती एक पाऊल बाजूला सरली. मुद्दाम नाही, पण सरली. रोज त्यांच्या मागे बसून ती डुलक्या घेत होती. घरी शाळेत जाणारी पोर होती.

मामा ऑफिसमध्ये गेले आणि साहेबांसमोर उभे राहून सगळं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. इतके महिने उरावर घेतलेली गोष्ट तीन-चार वाक्यांत संपली, याचंच त्यांना आश्चर्य वाटलं. साहेब वाईट माणूस नव्हते. तेही पहाटेपासून जागे होते, दोन ड्रायव्हर आजारी होते आणि टेबलावरचा फोन वाजत होता. त्यांनी कपाळ चोळलं. म्हणाले, आजचा दिवस काढा मामा. बदली माणूस नाही. दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर येईपर्यंत उशीर होईल, रुग्णालयातून ओरड येईल. उद्यापासून बघू.

"रस्ता पाठ आहे तुम्हाला," ते म्हणाले. "डोळे झाकून जाल."

बोलून झाल्यावर त्यांनी मामांकडे बघायचं टाळलं आणि फोन उचलला.

मामा बाहेर आले. माणसं पुन्हा गाडीत बसली होती. मामांचे पाय त्यांना गाडीकडे घेऊन गेले. पाय चढले, अंग आसनावर बसलं, हाताने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. चाक थंड होतं आणि त्यांच्या तळव्यांना ओळखत होतं. एवढं सोपं होतं सगळं. इतक्या वर्षांच्या सवयीत माणसाला काही करावं लागत नाही, फक्त बसून राहावं लागतं. साहेबांनीच सांगितलंय. आजचा दिवस. शिवाय ते इतके दमले होते, की उतरण्यापेक्षा चालवणं सोपं वाटत होतं.

आरशात गाडी दिसत होती. भाजीवाली टोपलीवर हात ठेवून झोपली होती. नवी टोपली होती. नर्सबाईंचं डोकं खिडकीला टेकलं होतं. कामगारांच्या माना पडल्या होत्या. गाडी अजून हललीही नव्हती.

पहिल्या गाडीचा एक नियम आहे, खरं तर सगळ्याच गाड्यांचा. कंडक्टरच्या घंटेशिवाय गाडी हलत नाही. घंटेची दोरी छपराखालून मागपासून पुढपर्यंत गेलेली असते. एक घंटा म्हणजे थांबा. दोन म्हणजे निघा. मामांचा उजवा पाय त्या दोन घंटांना असा बांधलेला होता, की सिनेमात घंटा वाजली तरी तो हलायचा. बायको त्यांना त्यावरून चिडवायची.

ताई चढली. दार ओढलं. ती पुढे त्यांच्या आसनाच्या मागे येऊन उभी राहिली. साहेबांनी ऑफिसच्या खिडकीतून निघायची खूण केली.

मामा समोरच बघत होते. समोर शेडच्या पत्र्यावर दोन्ही चंद्र होते.

"घंटा देऊ नकोस," ते म्हणाले. "तू दिलीस की माझा पाय जाईल. मला थांबवता येणार नाही."

ताईने वर हात केला आणि दोरी धरली. तिने आजवर साहेबांचा एकही शब्द मोडला नव्हता. पहिली गाडी मिळावी म्हणून तिने वर्षभर त्यांच्याकडे खेटे घातले होते, पोरगी शाळेतून यायच्या आत घरी पोचता येतं म्हणून. साहेबांनी पुन्हा हात हलवला. ती दोरी धरून उभी राहिली. मग तिने एकदा ओढली.

एक घंटा.

मामा वाट बघत राहिले. दुसरी आली नाही. त्यांनी किल्ली उलटी फिरवली.

इंजिन बंद झालं तसे सगळे जागे झाले. गाडीच्या आवाजात झोपणारी माणसं तिच्या शांततेने उठतात. काय झालं, पंक्चर का, आज पुन्हा उशीर, असं सुरू झालं. मामा आसनावरून उठले आणि दोन बाकांच्या मधे उभे राहिले. इतक्या वर्षांत ते गाडीकडे तोंड करून कधी उभे राहिले नव्हते. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं.

"मला नीट दिसत नाही," ते म्हणाले.

मग भाजीवालीने विचारलं, "कधीपासून?"

"थंडीपासून."

भाजीवालीने जावेकडे बघितलं. थंडीपासून आपण किती पहाटे झोपून गेलो, हे गाडीतला प्रत्येकजण मनाशी मोजत होता. मामांना ते दिसलं. त्याला डोळे चांगले असावे लागत नाहीत. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. भाजीवालीसुद्धा गप्प होती. तिने टोपली जवळ ओढून घेतली, एवढंच.

शेवटी नर्सबाई बोलल्या. त्यांचाही आवाज कोरडाच होता. "मोतीबिंदू असेल. आमच्याकडेच चला. गाडी तिकडेच जातेय."

साहेब आले, रागावले, कंडक्टरताईला दोन शब्द सुनावले, परत गेले आणि फोन करत बसले. दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर आला तोवर पत्र्यामागचं आकाश पांढरं पडलं होतं. आधी गुरू गेला. मग चंद्राची कोर पातळ होत होत कागदासारखी झाली. शुक्र शेवटपर्यंत होता. दोस्ताने पाइप सुरू केला. मामांनी त्याच्याकडे बघितलं, आणि या वेळी नजर काढून घेतली नाही. दोस्ताने पाइप धरलेला हात थोडा वर केला.

मामांनी बायकोला फोन लावला. आज आपण गाडी चालवत नाही, डोळे दाखवायला चाललोय, असं सांगितलं. मग ती म्हणाली, थर्मास घेतलाय ना, चहा प्या आधी. आणि फोन ठेवताना म्हणाली, "मला वाटलं होतं मलाच बोलायला लागणार."

मामा भाजीवालीच्या मागच्या बाकावर, खिडकीशी बसले. बाक इतका अरुंद असतो हे त्यांना माहीत नव्हतं. ताई तिकिटं देत देत त्यांच्यापर्यंत आली आणि थांबली. तिने त्यांच्या खांद्याला किंचित हात लावला आणि पुढे गेली.

दोन घंटा झाल्या. मामांचा उजवा पाय खाली दाबला गेला. तिथे नुसती फळी होती.

नवा ड्रायव्हर जोरात चालवत होता. फाटकाबाहेरच्या वळणावर गाडी कलली तेव्हा भाजीवालीने समोरची दांडी घट्ट धरली. नर्सबाई ताठ बसून रस्त्याकडे बघत होत्या. कामगारही बघत होते. त्या दिवशी पहिल्या गाडीत कुणी झोपलं नाही.

झोपले फक्त मामा. वळण यायच्या आतच त्यांची मान पडली होती.